मोटारीचे झिजलेले सांधे

मोटारीचें एंजिन बिघडलें तर गाडी जागच्या जागीं बंद पडते, टायर फुटला तर आवाज होतो, दिवा गेला तर अंधार पडतो. परंतु चाकें आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारे जे सांधे, ज्या स्प्रिंगा आणि जे रबराचे बूश असतात, ते असे एका क्षणीं बिघडत नाहींत. ते रोज थोडेथोडे झिजतात, आणि गाडी चालविणाराहि त्या झिजेला रोज थोडाथोडा सरावतो. चार वर्षांपूर्वीं ज्या खड्ड्यांतून गाडी अलगद निघून जाई, त्याच खड्ड्यांत आतां 'खडक्' असा आवाज होतो, आणि घरांतील मंडळी म्हणतात कीं रस्ते फार वाईट झाले आहेत. रस्ते वाईट असतात हें खोटें नाहीं. परंतु पाहुणा म्हणून आलेला एखादा मनुष्य पहिल्याच वळणाला दाराची मूठ घट्ट धरून बसूं लागला, म्हणजे दोष सगळा रस्त्याचा नाहीं हें ओळखावें.

या झिजेचा विचार बहुधा सुखसोयीच्या दृष्टीनें केला जातो. धक्के बसतात, पाठ दुखते, वडील माणसें कुरकुर करतात, एवढेंच मनांत येतें. खरा धोका निराळा आहे. चाकानें रस्ता धरून ठेवावा, हें या सगळ्या रचनेचें, म्हणजे सस्पेन्शनचें, मुख्य काम होय. ब्रेक कितीहि उत्तम असले तरी ते फक्त चाक थांबवितात; गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यांतील घर्षणानें. चाक उड्या मारीत असेल, तर ज्या क्षणीं तें जमिनीवरून सुटतें त्या क्षणापुरता ब्रेक निरुपयोगी होतो. म्हणूनच शॉक ॲब्सॉर्बर निकामी झालेली गाडी खडबडीत रस्त्यावर थांबण्यास अधिक अंतर घेते. घरांतील मुलें ज्या गाडींतून शाळेंत जातात, तिच्या बाबतींत ही गोष्ट पुढच्या दिवाळीपर्यंत ढकलण्यासारखी नाहीं.

शॉक ॲब्सॉर्बर हें नांवच थोडें फसवें आहे. गॅरेजमधील मंडळी त्याला 'शॉकअप' म्हणतात; तेंहि तसेंच. धक्का सोसते ती स्प्रिंग. स्प्रिंग ज्या प्रमाणांत दाबावी त्या प्रमाणांत ती उलट जोर करते, हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं ग्रंथरूपानें मांडला आणि शाळेंत तो सर्वांनीं पाठ केलेला असतो. परंतु दाबलेली स्प्रिंग सोडली कीं ती मूळ जागेच्या पलीकडे जाते, परत येते, पुन्हां जाते. हें नाचणें थांबविण्याचें काम शॉक ॲब्सॉर्बरचें. त्याच्या नळींत तेल असतें, आणि एक दट्ट्या त्या तेलांतून वरखालीं होतो. दट्ट्याच्या बारीक भोकांतून तेलाला वाट काढावी लागते. त्या झटापटींत हालचालीची शक्ति उष्णतेंत जाऊन संपते. गाडीचें वजन मात्र त्यानें पेललेलें नसतें. तें स्प्रिंगेवर असतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण हें काम घरीं करणारानें पावलोपावलीं स्वतःला एकच प्रश्न विचारावयाचा असतो: या क्षणीं गाडीचा भार कोठें आहे?

उदाहरणासाठीं मारुति ८०० ही गाडी घेऊं. १९८३ च्या डिसेंबरपासून २०१४ च्या जानेवारीपर्यंत ती गुडगांवला तयार होत होती, आणि असंख्य कुटुंबांत पहिली मोटार म्हणून तीच आली. तिच्या पुढच्या चाकांची रचना अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन एंजिनिअरच्या नांवानें ओळखली जाते. फोर्ड कंपनीनें १९५० सालीं लंडनच्या प्रदर्शनांत कॉन्सल आणि झेफर या गाड्या मांडल्या, त्यांत ही रचना होती. युक्ति साधी आहे. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर हीं दोन्हीं एकाच उभ्या खांबांत बसवावयाचीं. या खांबाला स्ट्रट म्हणतात. त्यामुळें जागा वाचते आणि सांधे कमी लागतात. म्हणून आजच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढें हीच रचना असते. कुर्ल्यास तयार होणारी प्रीमियर पद्मिनी किंवा उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर ज्यांनीं बाळगली, त्यांना मागच्या पाट्यांची करकर आणि ठराविक अंतरानें सांध्यांत ग्रीस भरण्याची कटकट आठवत असेल. आजचे सांधे बंदिस्त असतात. त्यांना ग्रीस द्यावें लागत नाहीं. परंतु वरची रबरी टोपी फाटली कीं आंत धूळ आणि पाणी शिरतें, आणि मग त्या सांध्याला कोणतेंहि औषध चालत नाहीं.

नभोवाणीवर चित्र दाखवितां येत नाहीं, म्हणून श्रोत्यांनीं आपला डावा हात खांद्यापासून बाजूला आडवा धरून पाहावा. हा हात म्हणजे गाडीचा खालचा दांडा. त्याला लोअर आर्म म्हणतात. खांदा म्हणजे सांगाड्याशीं जोडणारा रबरी बूश. त्याच्यामुळें हात वरखालीं हलूं शकतो. मनगटाच्या जागीं बॉल जॉइंट असतो. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत खुब्याच्या सांध्याला उखळीचा सांधा म्हणतात. हा तसाच, वाटींत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा. आतां पंजा मनगटांतून वर वळवून उभा करावा. तो म्हणजे ज्यावर चाक बसतें तो ओतीव लोखंडाचा तुकडा, ज्याचें नांव नकल. या पंजाला वरून येऊन धरणारा खांब म्हणजे स्ट्रट. स्ट्रटचें वरचें टोक एंजिनाच्या झांकणाखालीं, गाडीच्या पत्र्याला, रबरी बैठकीच्या साह्यानें घट्ट केलेलें असतें. एवढें चित्र डोळ्यांपुढें असलें म्हणजे पुढचें सारें समजतें.

आतां निदान. येथेंच बहुतेकांचे पैसे वांयां जातात. आवाज येतो म्हणून शॉक ॲब्सॉर्बर बदलले जातात, आणि नवे बसविल्यावरहि तोच आवाज येतो, कारण झिजलेला असतो बूश. इमारतीच्या आवारांत झांकण उघडून उभें राहिलें कीं चार शेजारी जमतात आणि प्रत्येकाला एकेक निदान सुचतें. त्यांपैकीं एखादें खरेंहि असतें, पण तें कोणतें हें गाडीलाच विचारावें लागतें. शॉक ॲब्सॉर्बर गेला असेल तर त्याच्या नळीवर तेल ओघळून धूळ चिकटलेली दिसते. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनीं दाबून सोडावा; तो वर येऊन स्थिर झाला पाहिजे. दोन-तीन वेळां डोलला तर शॉक ॲब्सॉर्बर संपला असें समजावें. या परीक्षेंत गाडी उतरली म्हणजे सर्व ठीक आहे असें मात्र नव्हे. ब्रेक लावतांना गाडीचें नाक फार खालीं जातें काय, आणि टायरवर हात फिरविला असतां उंचसखल चट्टे लागतात काय, हेंहि पाहावें. उभ्या गाडींत स्टिअरिंग फिरवितांना स्प्रिंग 'टण्' करून उडते असें वाटलें, तर स्ट्रटची वरची बैठक किंवा तिच्यांतील बेअरिंग तपासावें. ब्रेक दाबतांच खालून एकच ठोका येत असेल तर लोअर आर्मच्या बूशाकडे बोट जातें. टॉर्च लावून पाहिल्यास त्याचें रबर चिरलेलें किंवा आंतली नळी एका बाजूस सरकलेली दिसते.

बॉल जॉइंटची परीक्षा चाक उचलून करावयाची असते. चाकाला वर आणि खालीं धरून, एक हात आंत व एक बाहेर असें आळीपाळीनें हलवावें. खुळखुळ जाणवली तर घरांतील एखाद्यास ब्रेकचें पेडल दाबून धरावयास सांगावें. ब्रेक दाबतांच खुळखुळ नाहींशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली तर सांध्याचा. हेंच चाक डाव्या-उजव्या अंगांना धरून हलविलें असतां सैल वाटलें, तर स्टिअरिंगच्या दांड्याचें टोक झिजलें असण्याचा संभव अधिक. येथेंहि तो भाराचा प्रश्न आहेच. स्ट्रटच्या गाडींत वजन वरून स्प्रिंगेवर येतें, बॉल जॉइंटवर नव्हे. म्हणून चाक लोंबकळत असतां ही परीक्षा होऊं शकते. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते, त्यांत चाक अधांतरीं सोडलें तरी स्प्रिंग आर्मला खालीं रेटीत राहते आणि झिजलेला सांधासुद्धां घट्ट भासतो. तेथें जॅक आर्मच्याच खालीं लावून सांध्यावरचा ताण काढावा लागतो.

निदान ठरल्यावर सामान. गाडीबरोबर येतो तो लहान जॅक रस्त्यांत चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरंवशावर कोणीं गाडीखालीं डोकें घालूं नये. दोन भक्कम लोखंडी घोड्या पाहिजेत. मारुति ८०० ही अगदीं हलकी गाडी, तरी तिचें वजन सुमारें ६५० किलो, आणि एंजिन पुढें असल्यामुळें पुढच्या एकेका चाकावर अदमासें २०० किलो तरी येतात. विटा वापरूं नयेत. वीट सावकाश चिरडत नाहीं, ती एकदम फुटते. जमीन सपाट आणि कठीण असावी. उन्हानें मऊ झालेल्या डांबरावर घोडीचे पाय रुततात. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लावाव्या, हातब्रेक ओढावा, आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे. मग गाडी उचलून कारखान्याच्या पुस्तकांत दाखविलेल्या जागींच घोड्या लावाव्या, आणि खालीं जाण्यापूर्वीं गाडीला बाजूनें चांगला धक्का देऊन पाहावें. पडावयाची असेल तर ती तेव्हांच पडूं दे. काढलेलें चाक गाडीच्या कडेखालीं आडवें सरकवून ठेवणें हा जुन्या मिस्त्र्यांचा रिवाज आहे, आणि तो फार शहाणपणाचा आहे.

कोंकणांत किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेंत वाढलेल्या गाडीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या संध्याकाळीं तारेच्या ब्रशानें आटे साफ करून गंज सोडविणारें तेल सोडून ठेवलें, तर दुसऱ्या दिवशींची निम्मी लढाई वांचते. बोल्टाच्या टोकावर ठोकण्याचा प्रसंग आला तर नट टोकापर्यंत परत चढवून मग ठोकावें. नाहीं तर आटे दबून दुसरेंच काम निघतें. ब्रेकचा कॅलिपर काढावा लागला तर तो रबरी नळीवर लोंबूं देऊं नये. तारेनें स्प्रिंगेला किंवा सांगाड्याला टांगून ठेवावा. ती नळी तेलाचा दाब सोसण्यासाठीं आहे, वजन पेलण्यासाठीं नाहीं, आणि तिला आंतून झालेली इजा बाहेरून दिसत नाहीं. तसाच नकल स्ट्रटपासून सुटतांच बाहेर कलंडतो. त्याला आधार द्यावा. तो फार बाहेर ओढला गेला तर चाकाला फिरविणाऱ्या दांड्याचा आंतला सांधा उखडतो.

आतां सर्वांत गंभीर भाग. स्ट्रटच्या वरच्या बैठकीकडे पाहिलें तर कडेनें कांहीं लहान नट दिसतात आणि मध्यभागीं एक मोठा. स्ट्रट गाडींतून काढण्यासाठीं कडेचे नट सोडावयाचे असतात. मधल्या नटाला हात लावावयाचा नाहीं. गाडी उचलली, चाक लोंबकळूं लागलें, म्हणजे स्प्रिंगेवरचा भार गेला असें डोळ्यांना वाटतें. तें खरें नाहीं. गाडीचें वजन गेलें, परंतु स्प्रिंग खालची वाटी आणि वरची बैठक यांच्यामध्यें अजून दाबलेलीच आहे, आणि तिला अडवून धरणारी वस्तु तो एकच मधला नट आहे. तो सोडला तर बैठक आणि स्प्रिंग बंदुकीच्या गोळीप्रमाणें सुटतात. हात, जबडा, डोळा, जें वाटेंत येईल तें जातें.

ही स्प्रिंग दाबून धरण्याचें साधन बाजारांत मिळतें. दोन लांब स्क्रू आणि त्यांना आंकडे, असें त्याचें रूप असतें. ते स्प्रिंगेच्या समोरासमोरच्या बाजूंस लावून आळीपाळीनें थोडेथोडे आवळावयाचे असतात. सरावलेला मनुष्य तें नीट करतो. परंतु स्वस्त आंकडा निसटतो, आणि पहिल्याच वेळीं करणाराला तो निसटत आहे हें कळत नाहीं. म्हणून घरीं काम करणारानें येथें एक सीमारेषा आंखून घेणें बरें. स्ट्रट गाडींतून घरींच काढावा, तो रिक्षांत घालून चांगल्या गॅरेजमध्यें न्यावा, तेथील भिंतीला बसविलेल्या यंत्रावर स्प्रिंग दाबून नवा शॉक ॲब्सॉर्बर आणि नवी बैठक घालून घ्यावी, आणि तयार स्ट्रट घरीं आणून बसवावा. मजुरी थोडी पडते. सगळें काम आपल्या हातानें केल्याचा अभिमान थोडा कमी होतो, एवढेंच. मागच्या बाजूस ही भीति नाहीं. मारुतीच्या मागच्या आंसावर स्प्रिंग वेगळी आणि शॉक ॲब्सॉर्बर वेगळा असतो, आणि नवशिक्यानें हात बसविण्यास हेंच काम उत्तम. मात्र आंसाला जॅकचा आधार दिल्याशिवाय शॉक ॲब्सॉर्बरचा बोल्ट काढूं नये. आंस फार खालीं जाऊं नये म्हणून त्याला धरून ठेवणारा तोच असतो, आणि तो सुटला कीं सगळा ताण ब्रेकच्या नळीवर येतो.

शॉक ॲब्सॉर्बर डावा-उजवा असे जोडीनेंच बदलावे. एक नवा आणि एक जुना असला तर गाडी खड्ड्यावर एका अंगानें वागते आणि दुसऱ्या अंगानें निराळी. लोअर आर्मचा बूश घरीं बदलूं पाहणें बहुधा व्यर्थ ठरतें, कारण तो आर्ममध्यें दाबयंत्रानें बसविलेला असतो. कांहीं जण जुनें रबर जाळून काढतात. धूर विषारी असतो आणि आर्मलाहि तें मानवत नाहीं. बूशासकट नवा आर्म आणणें हा सरळ मार्ग. सामान घेतांना स्वस्ताईस भुलूं नये. नकली माल खऱ्याच वेष्टनांत मिळतो, आणि रबराचा हिणकसपणा पहिल्या पावसाळ्यानंतर उघडा पडतो.

बसवितांना ज्या चुकीमुळें नवा बूश वर्षाच्या आंत फाटतो ती अनुभवी मिस्त्र्यांच्याहि हातून घाईंत होते. बूश म्हणजे दोन लोखंडी नळ्या, एकीच्या आंत दुसरी, आणि मध्यें दोहोंना चिकटविलेलें रबर. बोल्ट आवळला कीं आंतली नळी सांगाड्याला पक्की होते. बाहेरची आर्मबरोबर हलते. मधलें रबर पिळलें जातें. तें घसरत नाहीं, पिळलेंच जातें. आतां गाडी घोड्यांवर असतां, आर्म खालीं लोंबत असतां बोल्ट घट्ट केला, तर रबराची विश्रांतीची स्थिति ती लोंबणारी स्थिति ठरते. गाडी खालीं उतरवितांच आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडींतहि रात्रंदिवस पिळलेलें राहतें. वर प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. म्हणून आर्मचे आडवे बोल्ट आरंभीं हातानें बसतील तेवढेच आवळावे. चाक चढवून गाडी जमिनीवर उतरवावी, चार वेळां दाबून हलवावी, आणि भार चाकांवर असतां मगच ते पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क-पान्यानें आवळावे. खालीं शिरण्यास जागा नसेल तर चाकें दोन सारख्या जाड फळ्यांवर चढवावीं. बॉल जॉइंटचा बोल्ट आणि स्ट्रटचे नट यांना हा नियम नाहीं, ते वरच घट्ट केले तरी चालतात. एकदां काढलेला नायलॉनचा नट आणि जुनी पिन पुन्हां वापरूं नये; त्या वस्तु चार पैशांच्या असतात आणि त्यांवर चाक अवलंबून असतें.

चाकाचे नट समोरासमोर आळीपाळीनें आवळून झाल्यावर ब्रेकचें पेडल दोन-चार वेळां दाबून तें कठीण लागतें याची खात्री करावी. कॅलिपर काढला असेल तर पहिलें दाबणें पोकळ जातें, आणि हें गाडी फाटकाबाहेर गेल्यावर कळूं नये. प्रथम आवारांतच सावकाश फेरी मारावी, स्टिअरिंग दोन्ही टोंकांपर्यंत फिरवावें, कान देऊन ऐकावें. तेथून गाडी सरळ चाकांचा कोन जुळविणाऱ्याकडे, म्हणजे व्हील अलाइनमेंटसाठीं न्यावी. स्ट्रट किंवा आर्म हलला कीं चाकांची दिशा किंचित् बदलते. डोळ्यांना न दिसणारा हा फरक नवे टायर कांहीं महिन्यांत एका कडेनें खाऊन टाकतो. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी फिरल्यानंतर एका सकाळीं, एंजिन थंड असतांना, सगळे बोल्ट पुन्हां एकदां त्याच पान्यानें तपासावे, आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओघळ आला आहे काय तें टॉर्च लावून पाहून घ्यावें.